पूल, मनोरा, गाडी, पणती: रद्दीतून मुलांची अभियांत्रिकी

आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करून घेतलं की मुलांचे हात चालतात, पण डोकं फारसं चालत नाही. नमुना समोर असतो, तसं चिकटवत जायचं. या लेखातल्या चार आव्हानांत, म्हणजे कागदाचा पूल, काड्यांचा मनोरा, रबरबँडची गाडी आणि उंचावरून टाकूनही न फुटणारी पणती यांत, नमुना नसतो. ठरावीक सामान, मोजता येणारी कसोटी आणि पहिलं मोडल्यावर पुन्हा बांधायला वेळ, एवढं मात्र हवंच. यातला वेळच बहुतेक ठिकाणी कापला जातो. शाळेत किंवा सोसायटीच्या उन्हाळी शिबिरात दीड तास मिळाला, तर सव्वा तास पहिल्या बांधणीत आणि स्केचपेनने रंगवण्यात जातो, शेवटी घाईघाईत चाचणी होते आणि मुलं घरी जातात. शिकणं खरं तर चाचणीनंतर सुरू होतं. दीड तासाची वाटणी अशी ठेवा: १० मिनिटं नियम सांगायला, ३० मिनिटं पहिली बांधणी, १५ मिनिटं चाचणी, २५ मिनिटं दुसरी बांधणी, १० मिनिटं दुसरी चाचणी. रंगवणं शेवटी, वेळ उरला तर.

गट तिघांचा करा. चौघांत एक जण बघ्या होतो आणि दोघांत भांडण सोडवायला तिसरा नसतो. वय ८ ते १३ धरून पुढची मापं दिली आहेत. त्याहून लहान मुलांना पूल आणि पणती जमते, गाडी नाही.

खर्च नगण्य आहे. रद्दी, जुने पुठ्ठ्याचे खोके, बाटल्यांची झाकणं, रबरबँडचं एक पाकीट, सेलोटेप, सुतळी, जुन्या सीडी आणि हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा किलो वायसर (बोल्टखाली घालायच्या भोकाच्या चकत्या). ते सगळे एकाच मापाचे घ्या, कारण आपण ते वजनं म्हणून वापरणार आहोत. वाण्याच्या काट्यावर २० वायसर एकदम तोलून २० ने भागलं की एकाचं वजन कळतं. नाण्यांनी मोजायचा मोह टाळावा: एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळ्या वजनाची निघाली आहेत आणि ती मिसळली की हिशोब चुकतो.

फेव्हिकॉल पहिल्या दिवशी बाहेर काढू नका. तो वाळायला वेळ लागतो, ओला असताना कागद आणखी लेचापेचा होतो, आणि मूल थांबत नाही. सेलोटेप मोजून द्या: १० सेंमीचे तुकडे कापून टेबलाच्या कडेला लटकवून ठेवा, प्रत्येक गटाला ठरलेले तेवढेच. अख्खं रीळ हातात दिलं तर कागदाचा पूल राहत नाही, सेलोटेपचा होतो.

पूल: एक कागद, २० सेंमीचं अंतर

सुरुवात यानेच करावी. सामान सर्वांत कमी आणि कळतं सर्वांत जास्त.

पुस्तकांच्या दोन सारख्या उंचीच्या थप्प्या २० सेंमी अंतरावर ठेवा. प्रत्येक गटाला ७५ जीएसएमचा एक ए-फोर कागद आणि सेलोटेपचे दोन तुकडे. पूल पुस्तकांना चिकटवायचा नाही, नुसता टेकवायचा. कागद २९.७ सेंमी लांब असल्याने दोन्ही बाजूंना पावणेपाच-पाच सेंमी टेकायला मिळतो. वजन पुलाच्या मधोमध ठेवायचं: ५ सेंमी बाजूचा पुठ्ठ्याचा चौकोन, त्यावर एकेक वायसर. प्रत्येक वायसरनंतर मनात तीन मोजायचे. पूल कोसळला किंवा पुठ्ठा घसरला की आधीचा आकडा लिहायचा.

नुसता सपाट कागद आधी सगळ्यांसमोर ठेवून दाखवा. तो स्वतःच्याच वजनाने खाली वाकतो आणि दोन-चार वायसरांत थप्प्यांमधून खाली जातो. मग विचारा, कागद तोच ठेवून काय बदलता येईल? उत्तर सांगू नका. कोणीतरी कडा वर दुमडतं, कोणी सुरळी करतं, कोणी पंख्यासारख्या चुण्या घालतं. तिन्ही चालतात, आणि का चालतात ते एकच आहे. वाकणाऱ्या वस्तूचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. हे दोन भाग एकमेकांपासून जितके दूर, तितकं वाकवणं कठीण. त्याच कागदात चुणीची उंची दुप्पट केली, तर वाकण्याला होणारा विरोध हिशोबाने साधारण चौपट होतो.

मुलं हे ऐकून लगेच चार-चार सेंमीच्या चुण्या घालतात, आणि पूल लवकर मोडतो. हाच या आव्हानाचा गाभा आहे. चुणी उंच झाली की तिची भिंत उंच आणि पातळ होते, आणि पातळ भिंत दाबाखाली वाकण्याऐवजी एकदम बाजूला फुगून कोलमडते. म्हणजे १ सेंमीला एक अडचण, ४ सेंमीला दुसरी. मधलं कुठलं माप बरं, ते त्याच कागदाने, त्याच टेबलावर मोजून काढायचं. एका गटाला १ सेंमी, दुसऱ्याला दीड, तिसऱ्याला २ असं वाटून दिलं, तर अर्ध्या तासात फळ्यावर एक छोटा तक्ता तयार होतो.

चुण्या सरळ पडणं महत्त्वाचं. आधी पट्टी आणि पेन्सिलने रेघा आखा, मग पट्टीच्या कडेवर कागद दाबून घडी घाला आणि नखाने ओढून पक्की करा. नुसत्या अंदाजाने घातलेल्या चुण्या एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद होतात आणि पूल पिळवटतो. चुण्यांची दिशा कागदाच्या लांबीला समांतर, म्हणजे एका थप्पीकडून दुसऱ्या थप्पीकडे जाणारी. दर वेळी एखादा गट आडव्या चुण्या घालतोच. घालू द्या. तो पूल हार्मोनियमच्या भात्यासारखा उघडतो आणि दिशेचा मुद्दा कोणाला सांगावा लागत नाही.

मोडलेला पूल फेकायचा नाही. तो टेबलावर ठेवून कुठे आणि कसा मोडला ते बघायचं. चार तऱ्हा नेहमी दिसतात.

चुण्या पसरून पूल पुन्हा सपाट झाला, तर दोष बांधणीचा: सेलोटेपचा एक तुकडा खालच्या बाजूने आडवा, मधोमध, चुण्यांची टोकं धरून लावा. पसरणं मध्यावर सुरू होतं, म्हणून टेप टोकांना लावण्यापेक्षा तिथे जास्त कामाची. वरच्या कडेला सुरकुती पडून पूल व्हीच्या आकारात मोडला, तर दाबाने मोडला. चुणीची उंची कमी करा किंवा मध्यावर कागद दुहेरी येईल अशी घडी शोधा. थप्पीच्या कडेवर कागद चेपला असेल, तर सगळा भार त्या धारेवर आला. टेकणारा भाग वाढवायचा किंवा तिथे घडी आणखी एकदा दुमडायची. आणि पूल न मोडता कुशीवर कलंडला असेल, तर उंची रुंदीच्या मानाने जास्त आहे. खालच्या बाजूने कागद ताणून फाटला, असं जवळजवळ कधीच होत नाही. कागद ओढायला चांगला मजबूत असतो, दाबायला नाही. हे मुलांच्या लक्षात आलं की ती पुढच्या पुलाची वरची कड जाड करायला जातात, आणि ते बरोबर आहे.

गुण देताना नुसतं वजन मोजू नका. पेललेलं वजन भागिले पुलाचं वजन हा आकडा काढा. ७५ जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागद ७५ ग्रॅमचा, त्यावरून ए-फोरचं वजन ४.७ ग्रॅमच्या आसपास येतं. हा हिशोब सहावीच्या मुलांकडून करून घ्या. दुसऱ्या दिवशी अर्धाच कागद दिला की हा भागाकार खरा रंगतो. मेट्रोचे किंवा उड्डाणपुलाचे गाळे पोकळ पेटीसारखे का करतात, हा प्रश्न अशा वेळी मुलांकडूनच येतो. भरीव केले तर पूल आपलंच वजन पेलण्यात दमेल.

मनोरा: काड्या आणि वॉलट्यूब

काड्या जोडायला सायकलच्या दुकानात मिळणारी वॉलट्यूब उत्तम. ही बारीक काळी रबरी नळी जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर चढवतात. दीड सेंमीचे तुकडे कापले की दोन्ही बाजूंनी आगपेटीची काडी घट्ट बसते. आगपेटीच्या काड्या आणि वॉलट्यूबचा हा संच टाकाऊतून विज्ञान-खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाच्या काळात घडवला, आणि पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या विज्ञान केंद्रातून तो असंख्य मुलांपर्यंत गेला. लाकडी काड्याच घ्या, मेणाच्या वाकतात. गुल आधी मोठ्यांनी खरवडून काढून टाकावा. वॉलट्यूब मिळाली नाही, तर खराट्याच्या काड्या आणि रबरबँड चालतात, फक्त सांधे ढिले राहतात.

तीन काड्यांचा सांधा असा: तुकड्याच्या मधोमध बाभळीच्या काट्याने किंवा जाड सुईने आरपार नाही, एका बाजूलाच भोक पाडा आणि टोकदार केलेली तिसरी काडी त्यात खुपसा. चार काड्यांसाठी भोक आरपार पाडून त्यातून वॉलट्यूबचा दुसरा तुकडा ओढून घ्या, फुली तयार होते. रबर फाटत असेल तर तुकडा फार आखूड कापला आहे.

मनोरा बांधण्याआधी प्रत्येकाने एक त्रिकोण आणि एक चौकोन करून टेबलावर उभा दाबून बघावा. चौकोन लगेच तिरका होतो. त्रिकोण होत नाही, कारण बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचे कोन बदलूच शकत नाहीत. चौकोनात एक तिरकी काडी टाकली की दोन त्रिकोण झाले. ही काडी कर्णावर बसायला बाजूच्या सुमारे १.४ पट लांब लागते. आगपेटीची काडी अर्थातच तेवढी लांब नसते, इथे मुलं अडकतात आणि काडी ताणून बसवायला जातात. खराट्याची काडी मापाने कापून वापरायला सांगा, किंवा मुळातच सगळा मनोरा त्रिकोणांतून उभा करू द्या. रेल्वेचे जुने लोखंडी पूल आणि विजेचे उंच मनोरे डोळ्यांसमोर आहेतच.

कसोटी: ३० सेंमी उंची, वर पुठ्ठ्याचा चौकोन, त्यावर २० वायसर. ते जमलं की भूकंप. एका ताटाखाली दहा-बारा गोट्या ठेवा, मनोरा ताटाला सेलोटेपने चिकटवा आणि ताट ५ सेंमी पुढे, ५ सेंमी मागे, १० सेकंद हलवा. वर वायसर ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे. वर जड असलेला मनोरा आधी पडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं (मातीची सपाट छपरं) किती घातक ठरली, ते मोठ्या मुलांना इथे सांगता येतं. लहानांना नको.

गाडी: रबरबँडवर चालणारी

ही सर्वांत आवडती आणि सर्वांत जास्त रडवणारी. पहिल्या खेपेला दहातल्या आठ गाड्या चालत नाहीत, असं गृहीत धरून वेळ दुप्पट ठेवा.

लागतं ते असं: १८ सेंमी लांब, ९ सेंमी रुंद नालीदार पुठ्ठा; आसांसाठी ३ मिमी जाडीच्या बांबूच्या दोन काड्या, प्रत्येकी १५ सेंमी; मागे दोन जुन्या सीडी, पुढे बाटलीची दोन झाकणं; सीडींची भोकं बुजवायला आणखी दोन झाकणं; दोन-तीन रबरबँड; एक फुगा. पुठ्ठ्यातल्या नाल्या लांबीच्या दिशेने याव्यात, नाहीतर रबरबँड ताणल्यावर पुठ्ठा मधोमध दुमडतो.

आधी आसाच्या नळ्या. पूर्वी यासाठी प्लास्टिकची स्ट्रॉ वापरायचे. १ जुलै २०२२ पासून देशभर तिच्यावर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ मऊ पडते. त्यापेक्षा नळी घरीच करा. काडीभोवती साध्या कागदाचा एक सुटा पदर गुंडाळा, त्यावर गोंद लावलेली ५ सेंमी रुंदीची पट्टी चार-पाच वेढे घट्ट गुंडाळा, वाळल्यावर आतला सुटा पदर ओढून काढा. राहिलेली फट आसाला फिरायला पुरते. आस नळीत घालून फुंकर मारली की ती फिरली पाहिजे. नाही फिरली तर पुढे जाऊ नका. गोंदाचं काम एवढंच, म्हणून या नळ्या आदल्या दिवशी करून ठेवाव्यात.

मागच्या कडेला मधोमध ३ सेंमी रुंद, ३ सेंमी खोल खाच कापा, म्हणजे मागचा आस तिथे उघडा राहील. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आखूड नळी पुठ्ठ्याखाली चिकटवा. पुढच्या आसाला एकच लांब नळी चालेल. दोन्ही आस समांतर हवेत: डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर पट्टीने मोजा, २ मिमीचाही फरक नको. गाडी गोल फिरते तेव्हा चूक बहुधा इथेच असते.

सीडीचं मधलं भोक १५ मिमीचं, काडी ३ मिमीची. म्हणून सीडीच्या मध्यावर बाटलीचं झाकण चिकटवायचं आणि झाकणाला बरोबर मधोमध भोक पाडायचं. झाकणाच्या मध्यावर बऱ्याचदा साच्याचा बारीक ठिपका असतो, तोच केंद्र समजा. भोक तापवलेल्या सुयाने, मोठ्या माणसाने पाडायचं, काडीपेक्षा किंचित लहान, म्हणजे चाक आसावर घट्ट बसेल. चाक आसाबरोबर फिरायला हवं, आस नळीत फिरायला हवा. चाक आसावर सैल असेल तर आस गरगर फिरतो आणि गाडी जागची हलत नाही.

आता रबरबँड. त्याचं एक टोक पुढच्या कडेला कापलेल्या खाचेत अडकवा. दुसरं टोक मागच्या आसाला बांधू नका. आसावर आगपेटीच्या काडीचा १ सेंमीचा तुकडा सेलोटेपने तिरका बसवून हूक करा, रबरबँड त्यात अडकवा आणि चाकं मागे फिरवून गुंडाळा. रबरबँड सुटला की तो हुकातून गळून पडला पाहिजे, म्हणजे गाडी वेगात पुढे घरंगळत राहते. बांधलेला असेल तर संपल्यावर उलटा गुंडाळायला लागतो आणि गाडीला ब्रेक लागतो. गाडी जोरात निघून हातभरावर थांबली किंवा मागे आली, तर नव्वद टक्के हेच.

हिशोब मुलांना करायला लावा. ३ मिमीच्या आसाचा एक वेढा म्हणजे सुमारे ९.४ मिमी रबर. रबरबँड १५ सेंमी ताणला तर सोळाएक वेढे. सीडीचा व्यास १२ सेंमी, एका फेऱ्यात गाडी ३७.७ सेंमी जाते. सोळा फेऱ्यांत ६ मीटर. सीडीऐवजी ३ सेंमीचं झाकण चाक म्हणून लावलं तर याच्या चौथ्या भागात, दीड मीटरमध्ये रबर संपतो. मग सीडी नेहमीच चांगली का? नाही: मोठं चाक त्याच रबराने चौपट हळुवार ढकललं जातं, आणि गाडी जड असेल तर निघतच नाही. दोन्ही चाकं लावून बघितल्याशिवाय सायकलचे गिअर समजत नाहीत.

गुळगुळीत फरशीवर सीडी जागेवरच फिरते. फुग्याचं तोंड आणि टोक कापून उरलेला पट्टा सीडीच्या कडेवर ताणून चढवा, पकड येते. तरीही घसरत असेल तर मागच्या आसावर चार वायसर चिकटवा. पुढे चिकटवले तर उपयोग नाही, ढकलणारी चाकं मागची आहेत.

पणती: उंचावरून टाका, फुटू देऊ नका

हे आव्हान बहुतेक ठिकाणी अंड्याने करतात. अंडं वाया घालवणं अनेक घरांत रुचत नाही आणि पुसायचं कोणी हाही प्रश्न असतो. दिवाळीनंतर उरलेली मातीची पणती तितकीच नाजूक असते आणि फुटली की स्पष्ट दिसते. टाकण्याआधी प्रत्येक पणती नखाने वाजवून बघा. बद्द आवाज आला तर ती आधीच तडकलेली आहे.

सामान: वर्तमानपत्राची दोन पूर्ण पानं, सहा रबरबँड, धुतलेली दुधाची एक पिशवी, १ मीटर सुतळी, सेलोटेपचे तीन तुकडे. उंची ३ मीटर, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून किंवा जिन्यावरून. टाकणारा मोठा माणूस, खाली २ मीटरपर्यंत कोणी नाही. पुडकं एका मिनिटात उघडून पणती दाखवता आली पाहिजे, ही अट ठेवलीच पाहिजे, नाहीतर मुलं नुसते वेढ्यावर वेढे घालतात.

सगळ्यांना आधी पॅराशूट सुचतं. ३ मीटर पडायला पाऊण सेकंदाच्या जरा वर लागतं. तेवढ्यात दुधाच्या पिशवीचं पॅराशूट उघडतही नाही. करू द्या, एकदा पडू द्या. खरा प्रश्न पडण्याचा नसून थांबण्याचा आहे. ३ मीटर पडलेली पणती ३ सेंमीत थांबली, तर तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या सुमारे १०० पट जोर येतो. ३ मिमीत थांबली तर १००० पट. म्हणून कागद घट्ट गुंडाळायचा नाही. चुरगाळलेले सैल गोळे खाली आणि बाजूंना हवेत, चेपले जातील असे, आणि पणती मधोमध तरंगत राहील अशी. बहुतेक फुटलेल्या पुडक्यांत पणती आधीच घरंगळून तळाला टेकलेली सापडते. ती रबरबँडांनी मधोमध टांगणारा गट सहसा जिंकतो.

फुटलेल्या पणत्यांच्या कडा धारदार असतात. खाली जुनी चादर अंथरून टाका आणि चादर उचलूनच तुकडे गोळा करा.